मोंघीबाई आणि साहेबाची चांदी

मोंघीबाई पाटलांबद्दल लिहावं असं गेली कित्येक वर्षं मनात आहे आणि कित्येक वर्षं मी ते टाळत आलो आहे. टाळण्याचं कारण पुढे येईलच. आता नोकरी संपली, डोळे अधू झाले, हात थरथरतो. लिहायचं असेल तर आत्ताच लिहायला हवं.

प्रकाशा या गावापासून दोन कोसांवर, तापीच्या काठी, एक गुजर पाटलांचं गाव आहे. तिथल्या लोकल बोर्डाच्या शाळेवर माझी पहिली नेमणूक झाली तेव्हा मी बावीस वर्षांचा, मॅट्रिक नापास आणि पुण्याबाहेरचं जग न पाहिलेला असा होतो. पाटलांच्या घरासमोर मला एक खोली मिळाली. गावात ही मंडळी अहिराणी बोलत, घरात गुजराती वळणाची आपली बोली. मला पहिले दोन महिने दोन्हींतलं काहीच धड कळत नसे.

मोंघीबाई त्या घरची सून. वय सत्तावीस-अठ्ठावीस असेल. नवरा नरोत्तम पाटील वारून तीन वर्षं झालेली. घरात सासू डाहीमा आणि आठ वर्षांची मुलगी जमना, एवढीच माणसं. उंच, हाडापेराची, भरभर चालणारी बाई. बोलताना कधी बसलेली मी त्यांना पाहिली नाही. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात काहीतरी काम, आणि नजर समोरच्याच्या हातांकडे. कुणी रडगाणं लावलं, की मोट तुटली, गडी आला नाही, आता काय करू, तर त्या पुरतं ऐकून घेत आणि म्हणत, "हात शेतस ना तुले?" तुला हात आहेत ना? एवढंच. गडीमाणसं त्यांना घाबरत ती या एका वाक्यामुळे.

मला त्यांनी पहिल्यांदा हे ऐकवलं ते शाळेत येऊन. जमनाला दंडाला धरून त्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, बठाडा इले."

मी म्हणालो, शाळेत एकही मुलगी नाही, हिला कुठे बसवू?

"जागा नही का?"

"जागा आहे. पण तिला एकटीला शिकवायचं म्हणजे…"

"हात शेतस ना तुमले? मंग शिकाडा."

जमना दारापाशी बसू लागली. हजेरीपटावर चाळीस मुलगे आणि शेवटी तिचं नाव. पोर अबोल होती, पण पाटीवर अक्षर काढताना जीभ बाहेर काढायची आणि ओठावर घट्ट धरून ठेवायची. वर्षभरात ती माझ्या मोठ्या मुलग्यांपेक्षा चांगलं वाचू लागली.

साहेबाची भांडी मी पाहिली ती पहिल्या दिवाळीला. मोंघीबाई ओट्यावर बारीक राख आणि लिंबू घेऊन बसल्या होत्या आणि समोर काय होतं ते पाहून मी रस्त्यातच थांबलो. चांदीचा पूर्ण संच. उंच मानेची, लांब नळीची कॉफीची किटली, पोट सुटलेली चहाची किटली, दोन कानांची साखरदाणी, दुधाचा चंबू आणि हे सगळं मावेल एवढं नक्षीचं तबक. शेजारी निळ्या मखमलीचं अस्तर लावलेली लाकडी पेटी. पुण्यात एका वकिलांच्या दिवाणखान्यात असला संच मी काचेआड पाहिला होता. तापीकाठच्या या ओट्यावर तो राखेत लोळत होता.

त्याची हकिगत त्यांनीच सांगितली. तळोद्याचा जंगलखात्याचा साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा बंगल्याच्या व्हरांड्यात त्याच्या सामानाचा लिलाव झाला. नरोत्तम पाटील घोडी घ्यायला म्हणून गेले आणि ही पेटी घेऊन आले. डाहीमांनी कपाळ बडवून घेतलं. साहेबाच्या खाण्यापिण्यातली भांडी, त्याला काय काय लागलेलं असेल! ती स्वयंपाकघरात येणं शक्य नव्हतं. नरोत्तम पाटलांनी आईशी वाद घातला नाही. बायकोला फक्त म्हणाले, "तुन्हासाठे आनेल शे." तुझ्यासाठी आणलंय. पेटी गोठ्याच्या माळ्यावर गेली. दोन वर्षांनी नरोत्तम पाटील विषमज्वराने गेले आणि डाहीमांनी त्याचा दोष त्या पेटीला दिला.

"त्यासनी माले दुसरं काहीच आनं नही कधी," मोंघीबाई म्हणाल्या. "लगीनना लुगडाबी सासूनीच लिन्हा व्हता."

दिवाळीला वर्षातून एकदा त्या ती भांडी खाली काढत, घासत आणि पुन्हा ठेवून देत. त्यांना त्यांनी नावं ठेवली होती. मान ताठ ठेवून नाक पुढे काढलेली कॉफीची किटली म्हणजे 'सासू'. कमरेवर दोन्ही हात ठेवून उभी असलेली साखरदाणी 'नणंद'. पोट सुटलेली चहाची किटली 'जेठानी', म्हणजे मोठी जाऊ. दुधाचा चंबू तेवढा 'पोर'. हे सांगताना त्या हसल्या आणि आत डाहीमा आहेत हे आठवून तोंडाला पदर लावला. जमना खूप वेळ हसत होती. त्या घरातलं एवढं हसणं मला दुसरं आठवत नाही.

"ह्यामा काय पेतस साहेब लोक?" त्यांनी विचारलं. मी चहा आणि कॉफी समजावून सांगितली. चहा त्यांनी ऐकला होता, प्यायलेला नव्हता. मग त्यांनी चहाच्या किटलीच्या पोटावरची अक्षरं दाखवली आणि ती वाचायला सांगितली. माझं इंग्रजी यथातथाच, पण तेवढं जमलं. कुणा बापाने आपल्या मुलीला तिच्या लग्नात ही भेट दिली होती, असं लिहिलेलं होतं.

मोंघीबाईंचा हात थांबला.

"बापनी दिन्हं व्हतं? आनि तिनी आठेच टाकी दिन्हं?"

मी म्हटलं, साहेबाची बायको असेल ती, जड सामान कोण परत नेतो. त्यांना ते पटलं नाही. "मरी गयी व्हई," त्या म्हणाल्या. "नहीतं बापनं कोनी सोडस का?" नंतर बराच वेळ त्या त्याच अक्षरांवर लिंबू चोळत राहिल्या.

दुसऱ्या वर्षी पावसाळा सरता सरता मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची, साथ आली. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांना सांगून कळणार नाही. सकाळी शेतावर गेलेला माणूस दुपारी बांधावर आडवा होई आणि तिसऱ्या दिवशी त्याला नेत. आठवड्याभरात गावातली निम्मी घरं अंथरुणाला खिळली. शाळा आपोआप बंद झाली. कणसं उभी वाळत होती, गाई पाण्यासाठी हंबरत होत्या आणि तापीच्या काठावरचा धूर थांबत नव्हता. माणसं तापाने मरत होती तेवढीच तहानेनेही मरत होती, कारण उठून पाणी द्यायला घरात कुणी उभं नव्हतं. शेजाऱ्याने द्यावं तर तोही पडलेला, आणि उभा असला तर साथीच्या भीतीने दार लावून बसलेला.

पाटलांच्या घरात आधी डाहीमा पडल्या, मग जमना. मोंघीबाईंना ताप आला नाही, का ते देव जाणे. सासूला त्या वाटीने पेज पाजू लागल्या तर अर्धी गळ्यावर सांडे. मान उचलण्याचंही त्राण नव्हतं त्या म्हातारीत. तेव्हा मोंघीबाई गोठ्याच्या माळ्यावर चढल्या आणि पेटी खाली घेऊन आल्या.

लांब नळीच्या किटलीत त्यांनी सुंठ-तुळशीचा काढा भरला, फुगीर किटलीत तांदळाची पातळ पेज, चंबूत दूध. नळी ओठांपासून चार बोटं वर धरायची आणि बारीक धार सोडायची. आडव्या पडलेल्या माणसाला मान उचलावी लागत नाही, एक थेंब वाया जात नाही. डाहीमांनी डोळे उघडून ती नळी पाहिली, पुन्हा मिटले आणि प्यायल्या.

दुसऱ्या दिवसापासून मोंघीबाई ते जड तबक डोक्यावर घेऊन घराबाहेर पडल्या. आधी भाऊबंदांची घरं, मग सगळी गुजर आळी. तिथून गल्लीच्या टोकाला कापूस पिंजणारा कासम आणि त्याची आई होती, तिथे. आणि मग नाल्यापलीकडची भिलांची वस्ती. दिवसातून दोन फेऱ्या. गावचे कारभारी भगाबापू पाटील तापाने फणफणलेले असतानाही त्यांना ती नळी दिसली. "कोन्हं भांडं शे हाई?" त्यांनी विचारलं.

"साहेबनं," मोंघीबाई म्हणाल्या. "ह्या भांडासले जात नही, बापू. तोंड उघडा."

बापूंनी तोंड उघडलं. हे मला त्यांच्या मुलानेच नंतर सांगितलं.

मीही पडलो. किती दिवस ते आठवत नाही. खोलीचं दार ढकलून मोंघीबाई आत आल्या. बाकी कुणाला त्यांनी विचारलं नव्हतं, मला विचारलं. ब्राह्मणाचा मुलगा, परगावचा. एरवी माझ्याकडे त्या कोरडा शिधाच पाठवत. "मास्तर, तुमले चालस का?" त्या उभ्या राहून म्हणाल्या. मी मान हलवली. पेज कोमट होती. त्या वेळी माझ्या अंगात मरणाचा ताप होता, पण मी शुद्धीवर होतो. हे मला इथे लिहून ठेवायचं आहे.

जमनाचा ताप उतरू लागला होता. उठून बसली होती, आईकडे गूळ मागितला होता. त्या दुपारी भिल्लवस्तीत एकाच झोपडीत तिघं पडली असल्याचा निरोप आला, तेव्हा मोंघीबाई पोरीला निजवून, पांघरूण घालून गेल्या. पहिला ताप उतरून दुसरा चढला की माणूस राहत नसे, हे तेव्हा आम्हाला नीट कळलेलं नव्हतं. दिवेलागणीला त्या परत आल्या तेव्हा सगळं संपलं होतं. शेजारच्या बाजेवरून डाहीमा म्हणाल्या, "तुले हाका मारी ऱ्हायनी व्हती."

मी समोरच्या खोलीत होतो. रडण्याचा आवाज येईल म्हणून वाट पाहत राहिलो. आला नाही. तबक ओट्यावर ठेवल्याचा आवाज तेवढा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तापीवरून परत आल्यावर, मोंघीबाईंनी ओट्यावर बसून ती तिन्ही भांडी धुतली, भरली आणि बाहेर पडल्या. त्यांना त्या दिवशी 'हात शेतस ना' म्हणायला कुणी नव्हतं. चार दिवसांनी डाहीमाही गेल्या.

साथ ओसरली. शाळा उघडली तेव्हा मुलांतले सात कमी झाले होते आणि जमना. हजेरीपटावरची नावं मी नियमाप्रमाणे तांबड्या शाईने खोडली. एका दुपारी मोंघीबाई शाळेच्या दारात आल्या, पोर जिथे बसायची तिथे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तिन्हं नाव दखाडा."

मी पट उघडून नाव दाखवलं. त्यांनी नावावर बोट ठेवलं. वाचता येत नव्हतं त्यांना. बोट रेघेवरून पुढे गेलं.

"हाई लाल कसाले?"

मी तांबड्या शाईची दौत बाजूला सारली. त्यांना ते समजलं असावं. हजेरीपट त्यांनी स्वतःच मिटला आणि गेल्या.

माणसं उठून फिरू लागली, पिकं घरात आली, आणि मग गावाला धर्म आठवला. महादेवाच्या ओट्यावर पंच बसले. एकाच भांड्याने भिलाच्या तोंडात, पिंजाऱ्याच्या तोंडात आणि आमच्या तोंडात धार सोडली, सगळी जात बाटवली, हा आरोप. मध्ये बसले होते भगाबापू. त्यांच्या उजव्या-डाव्या बाजूला बसलेल्यांपैकी एकही असा नव्हता की ज्याच्या घरात ती नळी गेली नव्हती.

मोंघीबाई झाडाखाली उभ्या होत्या. नेहमीसारखा हात कमरेवर नव्हता.

भगाबापूंनी न्याय असा मांडला: जो बेशुद्ध होता त्याचा दोष नाही. जाणूनबुजून कुणी प्यायलं असेल तर त्याने सांगावं, म्हणजे त्यालाही प्रायश्चित्त घ्यावं लागेल. एकेकाला विचारलं. "माले शुद्ध नव्हती, बापू." "माले काय मालूम, मी पडेल व्हतू." असं एकेक जण म्हणत गेला. कासम पिंजारी लांब उभा होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं, तरी तो पुढे आला. "मैंने पिया है, पाटील. होश में पिया. मेरी माँ ने भी पिया, इसलिए जिंदा है." त्याला वाटलं आपण बाईची बाजू मांडली. पण पंचांना हवा होता तो पुरावा त्याच्याच तोंडून मिळाला. किटली त्याच्या घरात गेली होती, हे आता सिद्ध झालं.

मग भगाबापू माझ्याकडे वळले. "मास्तर, तुम्ही शिकेल शेतस, बामन शेतस. तुम्हनं काय?"

मी जर म्हणालो असतो, होय, मी जाणतेपणी प्यायलो, तर पंच अडचणीत आले असते. ब्राह्मण मास्तराला चाललं ते पाटलांना का चालू नये, हा प्रश्न उभा राहिला असता. कदाचित एखादा दुसराही धीर करून बोलला असता. हे सगळं मला त्या क्षणी दिसत होतं. आणि त्याच क्षणी मला पुण्याचं घर दिसलं, आई दिसली, ठरत आलेलं लग्न दिसलं.

"मला शुद्ध नव्हती," मी म्हणालो.

मोंघीबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या जमिनीकडे पाहत होत्या.

पंचांनी सांगितलं, भांडी तापीत टाकावीत, प्रायश्चित्त घ्यावं, मग जात पदरात घेईल. भांडी पेटीसकट त्यांनाच तिथे आणायला लावली होती. मोंघीबाई पहिल्यांदा बोलल्या.

"हात शेतस ना तुमले? तुम्हीच टाका."

कुणी हलेना. शिवायचं कुणी? ओट्यावर वीस-पंचवीस पुरुष होते. बराच वेळ गेला तरी पेटीपाशी कुणी आलं नाही. मग मोंघीबाईंनी ती उचलली, डोक्यावर घेतली आणि घरी न जाता नाल्याच्या वाटेने स्वतःच्या शेतातल्या झोपडीकडे चालू लागल्या. त्या दिवसापासून त्या तिथेच राहिल्या. गावाने त्यांना वाळीत टाकलं. विहीर बंद, अग्नी बंद, येणंजाणं बंद.

मी उन्हाळ्यापर्यंत त्या गावात होतो आणि मग बदली मागून घेतली. जाताना शेताच्या वाटेनेच गाडी गेली. झोपडीतून धूर निघत होता. मी गाडी थांबवली नाही.

त्यानंतर बावीस-तेवीस वर्षं गेली. लग्न झालं, मुलं झाली, हेडमास्तर झालो. मुलींच्या शिक्षणावर मी सभांतून बोलत असे आणि लोक टाळ्या वाजवत. एका कामासाठी नंदुरबारला जाणं झालं तेव्हा परतीची गाडी दुसऱ्या दिवशी होती. सकाळीच भाड्याची बैलगाडी केली आणि त्या गावी गेलो. भगाबापू कधीच वारले होते. गावात नवी माणसं होती. मोंघीबाई कुठे असतात, विचारलं तर एका तरुणाने नाल्याकडे बोट दाखवलं, थोडं चाचरत.

झोपडी तीच, काठ्यामातीचा कूड नवा. त्या अंगणात एका वासराचं तोंड उघडून जिभेला हळद लावत होत्या. केस पूर्ण पांढरे. मी नाव सांगितलं. त्यांनी वासरू सोडलं, हात पुसले आणि म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही जाड व्हयनात."

बसायला बाज दिली. स्वतः उभ्याच राहिल्या. चुलीवर जर्मनच्या पातेल्यात गुळाचा चहा ठेवला आणि पितळी वाटीत ओतून दिला. आता चहा सगळ्यांच्याच घरी होतो, म्हणाल्या. मी भांड्यांची चौकशी केली.

"शेतस ना. पन कोन्हा घर शेतस आज, माले मालूम नही." वस्तीत कुणी आजारी पडलं, बाळंतीण अडली, म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की येऊन घेऊन जातात. एका घरातून दुसऱ्या घरात जातात. साखरदाणीचा एक कान तुटला. कधी महिना महिना इकडे येतच नाहीत. गावातलेही नेतात आता, मागच्या दाराने.

चहा संपला. मी इतकी वर्षं मनात जुळवलेलं बोलणं एकाएकी विसरलो. कसंबसं म्हणालो, "मोंघीबाई, त्या दिवशी ओट्यावर मी खोटं बोललो. मला शुद्ध होती."

त्यांनी माझ्या हातातली वाटी घेतली.

"माले मालूम शे, मास्तर. तुम्ही दोनदा मांगेल व्हतं."

एवढंच. आवाजात राग नव्हता. माफीही नव्हती. मी दोनदा मागितलं होतं, हे मी स्वतः विसरलो होतो, किंवा मी ते विसरून जायचं ठरवलं असेल.

मी आणखी काही बोलणार तेवढ्यात नाल्याच्या बाजूने एक भिलीण धावत आली. तिच्या बोलीतलं मला काही समजलं नाही, पण 'पोऱ्यो' आणि 'ताव', पोर आणि ताप, एवढे दोन शब्द कानावर आले. मोंघीबाईंनी कोनाड्यातून सुंठीची पुरचुंडी घेतली, पदर खोचला. दारात क्षणभर वळल्या.

"जाताना दार लोटी ल्या, मास्तर. कुत्रं येस."

आणि त्या नाल्यात उतरल्या. त्या वयातही भरभर चालत होत्या. ती बाई त्यांच्यामागे जवळजवळ पळत होती. पलीकडच्या काठावर त्या वर आलेल्या दिसल्या आणि मग कपाशीच्या रांगांआड गेल्या.

मी दार लोटलं. कडी नीट बसत नव्हती. बराच वेळ तिथे उभा राहून मी ती बसवत होतो.